साखरेचा आकडा आणि विळ्याची पेशी

पोळा होऊन चार दिवस झाले होते. सानगडीच्या मामींनी कापडी पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एका कागदावर उपाशीपोटीची साखर १५८, जेवणानंतरची २४६. दुसऱ्या कागदावर, आठ दिवसांनी दुसऱ्याच लॅबमधून करून आणलेली 'तीन महिन्यांची' साखर : ४.४.

"मोठ्या टेस्टमदी तं शुगर नाईच मनते जी," मामी म्हणाल्या, "मंग लहान टेस्टमदी कायले निंगाली?"

मोठी टेस्ट म्हणजे महागडी. घरात एव्हाना निकाल लागून गेला होता. जास्त पैसे पडले ती तपासणी खरी, साठ-सत्तर रुपयांची खोटी. त्या आनंदात पोळ्याच्या करंज्याही झाल्या होत्या आणि मामींनी त्या मोजून खाल्ल्या नव्हत्या.

आता जरा गणित करू. तीन महिन्यांच्या टक्केवारीवरून रक्तातल्या साखरेची सरासरी काढायचं एक सूत्र आहे. टक्केवारीला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ६ टक्के म्हणजे १२६. मामींचे ४.४ धरले तर सरासरी निघते ८० च्या आतबाहेर. ज्या बाईची रात्रभर उपाशी राहूनही साखर १५८ आहे, तिची दिवसरात्रीची सरासरी ८० कशी असेल? वर्गातल्या सगळ्यात कमी उंचीच्या पोरापेक्षा वर्गाची सरासरी उंची कमी निघाली, तर पोरं लहान नसतात, फूटपट्टी चुकलेली असते. मामींच्या बाबतीत फूटपट्टी का चुकली, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? चहाचा एक चमचा, म्हणजे पाचेक ग्रॅम. तेवढ्यावर मेंदू चालतो, हातपाय चालतात. एका जेवणात आपण याच्या दहापट-पंधरापट साखर भाताच्या रूपानं पोटात टाकतो, तरी रक्तातला तो चमचा फारसा भरून वाहत नाही. स्वादुपिंडातलं इन्सुलिन आणि यकृत मिळून हा तोल सांभाळतात. तलावाच्या तुडूमावर बसलेला माणूस पाणी सोडतो-अडवतो, तसं. साखरेची प्रत्येक तपासणी या कारभारातला एकेक वेगळा प्रश्न विचारते. प्रश्न वेगळा, तर उत्तरही वेगळं येणारच. दोन रिपोर्टांचं भांडण पुष्कळदा तिथलंच असतं.

सगळ्यात जुनी तपासणी मुंग्यांची. मधुमेहाच्या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेनं नोंदवून ठेवलं आहे. इंग्लंडात मॅथ्यू डॉबसननं १७७६ मध्ये लघवी आटवून तिच्यातली साखर दाखवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या स्टॅन्ली बेनेडिक्टनं ते निळं द्रावण तयार केलं आणि पुढं पाऊणशे वर्षं त्यानं गावोगावच्या दवाखान्यांत राज्य केलं. माझ्या लहानपणी कंपाउंडर काचेच्या नळीत निळं पाणी घेई, त्यात लघवीचे आठ थेंब टाकी आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरी. निळं राहिलं तर सुटलात. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला की बाहेर बाकावर बसलेल्यांचा चेहरा उतरत जाई.

पण लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर. तोपर्यंत मूत्रपिंड ती परत ओढून घेतं. म्हणजे विटकरी रंग येईपर्यंत दुखणं बरंच पुढं गेलेलं असायचं. आता तर वेगळीच गंमत आहे. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं मुद्दाम लघवीवाटे साखर बाहेर काढतात आणि त्यांची पेटंटं संपल्यापासून ती स्वस्तही झाली आहेत. ही गोळी घेणाऱ्याची रक्तातली साखर अगदी ताब्यात असली तरी नळी विटकरीच होणार. तेव्हा जुन्या आठवणीनं कोणी लघवीच्या पट्टीवर भरवसा ठेवत असेल तर त्यानं तो सोडावा.

उपाशीपोटीची तपासणी विचारते : तुम्ही काही खाल्लं नाही, तेव्हा तुमचं यकृत रात्रभर किती साखर सोडत बसलं होतं आणि इन्सुलिननं त्याला आवर घातला की नाही? कमीत कमी आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. १०० च्या आत बरं. १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह. त्यामधली जागा उंबरठ्याची. जागतिक आरोग्य संघटना हा उंबरठा ११० पासून धरते, अमेरिकेतली मंडळी १०० पासून. त्यामुळे एकाच आकड्याला एक डॉक्टर 'ठीक' म्हणतो आणि दुसरा भुवया उंचावतो. त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, दुसऱ्यांदा किंवा दुसऱ्या तपासणीनं खात्री करायची असते. हा नियम कागदावर सगळ्यांना ठाऊक आहे.

'उपाशी' या शब्दाचे मात्र आपल्याकडे बरेच अर्थ आहेत. चहा झाला, पण बिस्किट नाही, म्हणजे उपाशी. तंबाखू खाल्ली, ती काय जेवणात धरतात? आणि आपल्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं रात्रभर चालतात. दोन वाजता मध्यंतरात चहा आणि भजी होतात, पहाटे घरी येऊन माणूस तोंड धुतो आणि सातच्या गाडीनं साकोलीला 'उपाशीपोटी' रक्त द्यायला जातो. खोटं बोलायचं त्याच्या मनातही नसतं. त्याच्या हिशेबानं तो सकाळपासून उपाशीच असतो.

जेवणानंतरच्या तपासणीत घोळ याहून मोठा. हे दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नव्हे. गावाकडचा माणूस तालुक्याला उपाशीपोटीचं रक्त देतो, समोरच्या हॉटेलात तर्रीपोहे खातो आणि दोन तासांनी परत येऊन दुसरं रक्त देतो. पोह्याची एक प्लेट आणि घरचं ताटभर भाताचं जेवण यांत फरक आहे. घरी दुपारी २६० वर जाणारी साखर हॉटेलसमोर १७० दाखवते आणि आपण खूश. काहीजण तर त्या दिवशी मुद्दाम भात टाळून भाकरी खातात. पास होण्यासाठी कॉपी करावी तसं. फक्त इथं परीक्षकही आपण आणि फसणारेही आपणच.

खरी बांधेसूद परीक्षा म्हणजे ग्लुकोज पाजून केलेली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास स्वस्थ बसायचं, मग रक्त. १४० च्या आत बरं, २०० किंवा वर मधुमेह, मधलं सारं उंबरठ्यावरचं. रोज दोन्ही वेळ भात खाणाऱ्या माणसाला हाच प्रश्न विचारायला हवा, असं माझं मत आहे. त्याचं यकृत रात्री कसं वागतं याहून, ताटभर भात आत आल्यावर त्याचं इन्सुलिन किती चपळाईनं उठतं, तिथं त्याची कसोटी आहे. कित्येकांची उपाशीपोटीची साखर १०५ असते आणि दोन तासांनंतरची २१० निघते. नुसत्या पहिल्या आकड्यावर थांबलं तर असे लोक हातातून निसटतात. पण या परीक्षेला दोन तास बसून राहावं लागतं आणि गोड पाण्यानं मळमळतं, म्हणून ती मागे पडली.

गरोदर बाईसाठी सरकारनं याच परीक्षेचा सोपा अवतार काढला आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. ती जेवून आली आहे की उपाशी, हे विचारायचंच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त घ्यायचं, १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीला एकदा आणि चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा एकदा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत. पोटुशी बाई उपाशी बसून एसटीनं तालुक्याला येणार नाही, आणि आली तर पुन्हा येणार नाही, हे ज्यांना कळलं त्यांनी ही पद्धत बसवली.

"मी तं अशी सुकलेली, मले कायले शुगर होते?" हेही मामींनी विचारलंच. याचं उत्तर महाराष्ट्रातूनच जगाला मिळालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक हुबेहूब सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडसडीत. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं अभ्यासली. आपली बाळं वजनानं हलकी, पण चरबीत कमी नाहीत, असं त्यात दिसलं. वरून बारीक, आतून चरबीचं. म्हणून काट्यावरचं वजन बघून 'याले नाई होणार' असं ठरवता येत नाही. २०२३ साली छापून आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे आणि उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटी.

आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला घरी येतात, तोही कमरेचा घेर विचारतो, वजन नाही. बाईचा ८० सेंटीमीटरच्या वर, पुरुषाचा ९० च्या वर गेला की गुण चढतात. त्यात वय, तंबाखू, दारू, घरच्यांचा इतिहास आणि व्यायाम येतो. एकूण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचं. रोवणीत दिवसभर कमरेत वाकून घरी आलेल्या बाईला 'आठवड्यात अडीच तास व्यायाम करता का?' असं विचारताना आशाताईलाच हसू येतं.

आता थोडं रक्ताच्या नळीबद्दल. ही गोष्ट रिपोर्टवर कुठंच छापलेली नसते. शिरेतून काढलेलं रक्त नळीत मेलेलं नसतं. त्यातल्या लाल पेशी जिवंत असतात आणि आजूबाजूची साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर त्या फस्त करतात, उन्हाळ्यात अधिक. सानगडीला सकाळी आठला काढलेलं रक्त दुचाकीच्या डब्यातून हिंडत दहा वाजता यंत्रावर गेलं, तर १२८ चे ११२ झालेले असू शकतात. मधुमेहाचा माणूस त्या दोन तासांत उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची नळी वापरतात, तिच्यात फ्लोराइड असतं. तेही लगेच काम सुरू करत नाही, पहिला तासभर पेशी खातातच. बर्फात ठेवलं आणि लवकर फिरवून पेशी वेगळ्या केल्या, तर आकडा टिकतो. रक्त घेणाऱ्याला 'नळी कोणत्या झाकणाची?' एवढं विचारायला हरकत नाही. तो चमकून बघेल, पण विचारावं.

बोटातून थेंब घेणाऱ्या ग्लुकोमीटरला हा त्रास नाही, त्याचे त्याचे वेगळे. त्याच्या पट्टीवर एक विकर असतं, ते थेंबातल्या साखरेशी क्रिया करतं आणि यंत्र त्यातून निघालेला विजेचा प्रवाह मोजतं. चांगल्या यंत्रालाही १०० च्या वर पंधरा टक्क्यांची सूट आंतरराष्ट्रीय मापदंडानंच दिलेली आहे. खरी साखर २०० असेल तर १७० ते २३० मधलं काहीही त्याला चालतं. म्हणून आज १४५ आणि काल १३८ यावरून पथ्याचं कौतुक किंवा घरातल्यांशी भांडण करू नये. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, ओल लागली की पट्ट्या बिघडतात, आणि आमच्याकडचा पावसाळा ओल कशाला म्हणतात ते जाणतो. अंगात रक्त कमी असेल तर हे यंत्र साखर थोडी जास्तच दाखवतं. आणि बोटाला गोड लागलेलं असेल, आंब्याचा रस, गूळ, काहीही, तर ते तेवढंही मोजून टाकतं. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, साबणानं हात धुऊन कोरडे करावे लागतात.

मग आली ती मोठी टेस्ट, एचबीएवनसी. तिची जन्मकथा मला आवडते. १९६८ च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर हे संशोधक रक्तातल्या हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते. तपासताना मधुमेही माणसांच्या रक्तात त्यांना एक वेगळी रेघ उमटलेली दिसली. साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते, आणि जितकी जास्त साखर तितकं जास्त चिकटतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढे दिवस साखर तिच्यावर साठत जाते. म्हणून या टक्केवारीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यातही निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. अमेरिकेच्या मधुमेह संघटनेनं २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये ही तपासणी निदानासाठी मान्य केली. ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह.

उपाशी राहायला नको, ग्लुकोज प्यायला नको, आदल्या दिवशी पथ्य करून फसवताही येत नाही. एवढे गुण असल्यावर ती डॉक्टरांची लाडकी झाली यात नवल नाही. पण तिचा सगळा डोलारा दोन गृहीतांवर उभा आहे. लाल पेशी १२० दिवस जगते आणि तिच्यातलं हिमोग्लोबिन नेहमीचं असतं. पूर्व विदर्भात ही दोन्ही गृहीतं डोळे मिटून धरता येत नाहीत.

कारण इथं सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवरची एक कडी बदलते आणि ऑक्सिजन सोडल्यावर पेशी गोल न राहता विळ्यासारखी वाकते. हा बदल आईवडिलांपैकी एकाकडून आला तर माणूस वाहक होतो, त्याला सहसा त्रास नसतो. दोघांकडून आला तर आजार. जंगलातल्या हिवतापापासून वाहकाला थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या हा बदल इथं टिकून राहिला. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिनं मुदत घेतली आहे २०४७ ची.

आता दोन्ही धागे जुळवू. साखर चिकटते ती बीटा साखळीच्या पहिल्या जागेवर. सिकलसेलचा बदल आहे सहाव्या जागेवर, म्हणजे त्याच गल्लीत चार घरं सोडून. काही यंत्रं प्रतिद्रव्यांच्या मदतीनं साखर चिकटलेली साखळी ओळखतात. ती ओळख पटवताना हे शेजारचं बदललेलं घर आड येऊ शकतं. एचपीएलसी नावाचं यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं. ज्याला सिकलसेलचा पूर्ण आजार आहे त्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन नसतंच, मग त्याचं एचबीएवनसी कुठून येणार? आणि यंत्राची अडचण एकवेळ सोडवली तरी पेशीच्या आयुष्याची अडचण सुटत नाही. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १२० नव्हे, दहा-वीस दिवसच जगते. तिच्यावर साखर साठायला वेळच मिळत नाही. रक्तात साखर कितीही उधाणली तरी टक्केवारी खालीच राहते. वर बाहेरून रक्त चढवलेलं असेल तर आकडा कोणाच्या रक्ताचा हाही प्रश्न उरतो.

वाहकांमध्ये घोळ एवढा नसतो. त्यांची पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगते आणि आजची बरीच यंत्रं त्यांचं माप नीट घेतात. तरी २०१७ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, साखर सारखी असूनही वाहकांची टक्केवारी साधारण ०.३ नं कमी आढळली. ६.५ च्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसासाठी ०.३ म्हणजे अल्याड-पल्याडचा फरक. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तरी टक्केवारी कमी दिसते, कारण तिथंही पेशी लवकर मरतात. उलट लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी झालेलं असेल तर ती जास्त दिसते. आपल्या बायांमध्ये हे रक्त कमी असणं घरोघरी आहे. म्हणजे एकाच गावात, एकाच यंत्रावर, एकीचा आकडा उगाच वर आणि दुसरीचा उगाच खाली.

मामींना मी विचारलं, अंग कधीपासून दुखतं? त्या हसल्या. कधीपासून म्हणजे? लहानपणापासून सांधे धरतात, थंडीत जास्त. डोळे पिवळट दिसतात, मधूनमधून थकवा येतो. सगळ्यांनी ते रोवणीच्या पाण्यावर ढकललं होतं. जन्मभर गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर हाडं दुखणार नाहीत तर काय! पोरांची शाळेत सिकलसेलची तपासणी झाली तेव्हा दोन्ही पोरं वाहक निघाली होती. कार्डं ट्रंकेत पडून होती. पोरं वाहक, तर आईबापांपैकी कोणीतरी असणारच, हे कोणी पुढे विचारलं नाही.

डॉक्टरांनी आधी विरघळण्याची साधी चाचणी केली, मग एचपीएलसी. मामींना पूर्ण सिकलसेल होतं. अठ्ठेचाळीस वर्षं निदानाशिवाय निघाली, कारण त्यांच्या रक्तात गर्भातलं जुनं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक होतं आणि ते पेशींना वाकू देत नाही. आपल्याकडच्या कित्येक रुग्णांमध्ये असं दिसतं. त्यांच्या सांध्यांच्या दुखण्याला शेवटी नाव मिळालं ते साखरेच्या एका चुकलेल्या रिपोर्टामुळे.

अशा माणसाची साखर मग मोजायची कशी? उपाशीपोटी आणि जेवणानंतरची, शिरेतून, हेच मुख्य. सरासरी हवी तर फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी आहे. ती हिमोग्लोबिनला हातच लावत नाही, रक्तद्रवातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. साधारण २०० ते २८५ मध्ये ती असावी. तालुक्याच्या लॅबला ती पटकन ठाऊक नसते, नमुना नागपूरला जातो. दंडाला चिकटवून चौदा दिवस साखरेचा आलेख काढणारी यंत्रंही आली आहेत, पण त्यांची किंमत बघून मामींनी "राहू द्या जी" म्हटलं. शेवटी घरी ग्लुकोमीटर आला. पहिल्याच दिवशी, लॅबमध्ये शिरेतून रक्त काढलं त्याच वेळी बोटाचंही काढून दोन आकडे शेजारी मांडले. रक्त कमी असल्यानं यंत्र थोडं जास्त दाखवतं, ते किती जास्त, हे डॉक्टरांना त्यातून कळलं.

आकडे लिहायला मामांनी मजुरीच्या हिशेबाची जुनी वही उलटी केली. पुढून रोवणीच्या बायांची नावं आणि दिवस, मागून मामींची साखर. रकाने त्यांनी स्वतःच आखले : तारीख, वेळ, काय खाल्लं, आकडा. 'भात दीड वाटी, लाखोरीची डाळ, २१८.' 'भात अर्धी वाटी, भाकर एक, मासोळी, १७१.' गोळ्या सुरू झाल्यावरचे आकडे हळूहळू उतरत गेलेले दिसतात. मी होळीनंतर गेलो तेव्हा वही चाळली. चैत्राच्या तोंडावरच्या एका सकाळी ३४६ लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती. शेजारी मामांच्या अक्षरात : 'मोहफुलं येचून आली, हात तसेच.' आणि खालच्या ओळीत, दहा मिनिटांनी : 'साबन लावून, १४२.'